पहाटे चार वाजता उरलेले एकोणीस जण

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. अडखळणं तेवढं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर दिवा बंद करून पांघरुणात मोबाईल घेऊन पडला असाल. कुठेही असा, आज आपण अमेरिकेतल्या एका छोट्या शहरात जाणार आहोत. नाव पटकेट. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यात लहान राज्य, त्यातलं हे शहर. बोस्टनहून गाडीनं साधारण तासाभराचा रस्ता.

आणि गोष्ट आहे बेसबॉलची. थांबा थांबा, लगेच दुसरा एपिसोड लावू नका! मला माहितीये, आपल्यातल्या निम्म्या लोकांसाठी बेसबॉल म्हणजे सिनेमातल्या गुंडांच्या हातात असते ती बॅट. माझंही ज्ञान तेवढंच होतं. मी या गोष्टीत शिरले ती एका आकड्यामुळे. तेहेतीस. बेसबॉलचा सामना असतो नऊ इनिंगचा. आणि पटकेटमध्ये एक सामना तेहेतीस इनिंग चालला. व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यात लांबलेला सामना. मी म्हटलं, बघू या काय भानगड आहे. आणि मग लक्षात आलं की त्या सामन्यापेक्षा तो खेळणारी टीम जास्त अजब आहे. कारण या टीममध्ये कुणालाच राहायचं नव्हतं. खेळाडूंना नाही, आणि शेवटी शेवटी तर मालकांनाही नाही. राहायचं होतं फक्त गावाला.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढची मजा कळणार नाही.

अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या टीम म्हणजे मेजर लीग. बोस्टन रेड सॉक्स, न्यूयॉर्क यांकीज वगैरे. त्यांच्या खाली मायनर लीगच्या टीम असतात, छोट्या छोट्या शहरांत. त्यातही पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची पायरी म्हणजे ट्रिपल-ए. तिच्या वर थेट मेजर लीग. आता नीट ऐका. मायनर लीगची टीम असते एका मालकाची. मैदान सांभाळणं, तिकिटं विकणं, हॉट डॉग विकणं हे सगळं तो करतो. पण खेळाडू त्याचे नसतात! खेळाडू वरच्या मोठ्या क्लबचे. त्यांचा पगार मोठा क्लब देतो, कोण खेळणार तेही तोच ठरवतो, आणि मनात आलं की सीझनच्या मधेच फोन करून खेळाडू उचलून नेतो. इकडे गावची टीम फायनलला पोचलेली का असेना.

थोडक्यात, रोपवाटिका. रोप तुमच्या अंगणात वाढणार, पाणी तुम्ही घालणार, आणि झाड लागणार दुसऱ्याच्या बागेत. अमेरिकन लोकही याला शेतीतलंच नाव देतात, फार्म सिस्टीम म्हणतात.

आपल्याकडे असं नसतं ना! आता कोल्हापूरचं घ्या. तिथलं फुटबॉल तालमींचं आणि पेठांचं. तालमीची टीम कुणी विकत घेऊन साताऱ्याला नेली, असं नुसतं म्हणून बघा कोल्हापुरात. मी तर नाही म्हणणार. (हसून) पटकेटमध्ये मात्र नेमकं हेच झालं. पण ते नंतर.

तर पटकेट. हे गिरण्यांचं गाव. साधंसुधं गिरण्यांचं गाव नव्हे, अमेरिकेतला गिरणी उद्योग जिथे रुजला ते गाव. सॅम्युअल स्लेटर नावाचा एक इंग्रज तरुण होता. त्या काळी इंग्लंडनं सूतकताईच्या यंत्रांचे आराखडे देशाबाहेर न्यायला बंदी घातली होती. तर हा पठ्ठ्या यंत्रं डोक्यात साठवून अमेरिकेला गेला आणि तिथे ती नव्यानं बांधायला मदत केली. १७९३ मध्ये ब्लॅकस्टोन नदीच्या काठी, पटकेटला, त्याची गिरणी उभी राहिली. ती इमारत आजही आहे. ब्लॅकस्टोन नदीचं नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढे गिरण्या दक्षिणेकडच्या राज्यांत गेल्या, जिथे मजूर स्वस्त होते तिथे. लालबाग-परळमध्ये ज्यांची आधीची पिढी गेली त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. आधी भोंगा बंद होतो, मग हळूहळू बाकीचं.

याच गावात टॉमस मॅकॉय नावाच्या महापौरानं एक स्टेडियम बांधायला घेतलं. जागा कुठली निवडली? दलदलीची. लोकांनी भरपूर चेष्टा केली त्याची. पण १९४२ मध्ये ते उभं राहिलं, आणि नंतर त्यालाच मॅकॉयचं नाव दिलं गेलं. मॅकॉय स्टेडियम. बोस्टन रेड सॉक्सची ट्रिपल-ए टीम इथे आली १९७३ मध्ये. पटकेट रेड सॉक्स. लाडाचं नाव पॉसॉक्स. आल्या आल्या पहिल्याच वर्षी त्यांनी इंटरनॅशनल लीगचा चषक जिंकला. आणि तरीही तीनच वर्षांत टीमचं दिवाळं निघालं. मालक बदलला, नव्या मालकानं गावाचं नाव काढून ऱ्होड आयलंड रेड सॉक्स असं नाव ठेवलं, तेही एकच सीझन टिकलं. १९७६ संपताना टीम चालवायला कुणी उरलं नव्हतं.

इथे येतो आपला खरा नायक. बेन माँडर. वयानं पन्नाशी ओलांडलेला, कामधंद्यातून निवृत्त झालेला माणूस. जन्म कॅनडातल्या क्वेबेकचा, वाढला ऱ्होड आयलंडमध्येच. आणि पैसा कशातून केला असेल? बुडत्या कापड गिरण्या विकत घ्यायच्या आणि त्या पुन्हा मार्गी लावायच्या. म्हणजे बुडणाऱ्या गोष्टी हातात घ्यायची सवय होतीच. चेट निकोल्स म्हणून एक जण होता, पूर्वी मेजर लीगमध्ये पिचर, पुढे तिथल्याच बँकेत अधिकारी. त्यानं माँडरला गळ घातली की तू ही टीम घे. आणि १९७७ च्या सुरुवातीला माँडरनं ती घेतली.

पहिल्या वर्षी टीम चांगली खेळली, लीगच्या गुणतक्त्यात पहिली आली. आणि बघायला किती लोक आले? अख्ख्या सीझनमध्ये मिळून साधारण ७० हजार. सामन्यामागे हजार-अकराशे माणसं धरा. स्टेडियम मोडकळीला आलेलं, दारू पिऊन गोंधळ घालणारे येणार, म्हणून घरचे लोक येईनात. माँडरनं काय केलं, तर काही विशेष नाही केलं. म्हणजे विशेष म्हणावं असं काही नाही. साफसफाई केली. गोंधळ घालणाऱ्यांना बाहेर काढलं. तिकीट स्वस्त ठेवलं, इतकं की गिरणीत काम करणारा माणूस बायकोमुलांना घेऊन येऊ शकेल. आणि स्वतः स्टेडियममध्ये फिरत राहिला, लोकांशी बोलत राहिला. माईक टंबुरो नावाचा तरुण त्यानं मॅनेजर म्हणून हाताशी घेतला, तो पुढे कित्येक दशकं तिथेच राहिला. बस, एवढंच. पण हे एवढंच वर्षानुवर्षं करत राहणं, हे मला जास्त अवघड वाटतं.

आता ती रात्र.

१८ एप्रिल १९८१, शनिवार. दुसऱ्या दिवशी ईस्टर. समोर रॉचेस्टर रेड विंग्जची टीम. मैदानावरच्या दिव्यांमध्ये बिघाड झाला म्हणून सामना अर्धा तास उशिरा, आठच्या सुमारास सुरू झाला. हा अर्धा तास ऐकून नंतर हसू येतं. थंडी कडाक्याची, वारा मैदानाच्या आत येणारा. असा की बाहेर जायला निघालेला चेंडू आत परत आणत होता. प्रेक्षक १,७४०.

सातव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरनं एक रन काढला. नवव्यात, अगदी शेवटी, पटकेटनं बरोबरी केली. एक-एक. झालं, दहावी सुरू. अकरावी. पंधरावी. विसावी. कुणालाच रन निघेना. एकविसाव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरनं एक रन काढला, लोकांना वाटलं, सुटलो. आणि पटकेटच्या वेड बॉग्जनं असा फटका मारला की पुन्हा बरोबरी. दोन-दोन. विचार करा, आपल्या टीमला हरण्यापासून वाचवलं म्हणून कौतुक करायचं की आता घरी जाता येणार नाही म्हणून डोकं फोडून घ्यायचं! बॉग्जलाही म्हणे तोच प्रश्न पडला होता.

पण मग सामना थांबवत का नव्हते? कारण भारी आहे. लीगचा नियम होता की रात्री बारा वाजून पन्नास मिनिटं झाली की नवीन इनिंग सुरू करायची नाही. पण अंपायरांच्या हातात जी नियमांची प्रत होती, तिच्यात त्या वर्षी हा नियम छापायचाच राहिला होता! अंपायर म्हणाले, पुस्तकात नाही, म्हणजे नाही. सरकारी कार्यालयात खेटे घातलेल्या कुणालाही हा संवाद ओळखीचा वाटेल. मग लीगच्या अध्यक्षांना फोन लावायचा, तर ते फोनवर सापडेनात.

इकडे खेळाडू थंडीनं काकडलेले. डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेत, त्यांनी पिंपात शेकोटी पेटवली. तुटलेल्या बॅटी जाळल्या, बाकाची लाकडं जाळली. पटकेटचा मॅनेजर जो मॉर्गन अंपायरशी भांडला म्हणून त्याला बाविसाव्या इनिंगमध्ये मैदानाबाहेर काढलं, तर तो घरी न जाता मागच्या एका भोकातून बघत उभा राहिला. रॉचेस्टरच्या जिम अंबार्गर नावाच्या पिचरनं तेविसाव्या इनिंगपासून पुढे दहा इनिंग टाकल्या आणि एकही रन दिला नाही. दहा इनिंग म्हणजे एका पूर्ण सामन्याहून जास्त! आणि पटकेटचा पिचर लुईस अपाँटे. त्याचं काम झाल्यावर त्याला पहाटे घरी सोडलं. दारात बायको. कुठे होतास इतका वेळ? मैदानावर. हो का, पहाटेपर्यंत बेसबॉल? बरं, पेपरात येईल तेव्हा दाखवतो म्हणावं, तर रविवारचा पेपर आधीच छापून गेलेला, त्यात या सामन्याचा निकालच नाही. बिचाऱ्याला सोमवारपर्यंत संशयितासारखं राहावं लागलं.

शेवटी अध्यक्ष फोनवर सापडले आणि त्यांनी ताबडतोब थांबवायला सांगितलं. बत्तिसावी इनिंग संपल्यावर, पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी खेळ थांबला. ईस्टरची पहाट. आणि स्टेडियममध्ये त्या वेळी किती प्रेक्षक उरले होते माहितीये? एकोणीस.

मी या एकोणीस जणांवर बराच वेळ अडकले. का थांबले असतील? सामना काही अंतिम फेरीचा नव्हता. एप्रिल महिना, सीझन नुकताच सुरू झालेला, हरलो काय आणि जिंकलो काय. क्लबनं त्यांना नंतर फुकट पास दिले खरे, पण पास मिळणार म्हणून कुणी थांबलेलं नव्हतं. थंडी होती, घर होतं, घरी अंथरूण होतं. मला याचं उत्तर सापडलं नाही, आणि खरं सांगू, शोधावंसंही वाटलं नाही.

खेळाडूंचं मात्र वेगळं. खेळाडूंना थांबावंच लागलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच मैदानावर त्याच दोन टीमचा पुन्हा सामना होता.

उरलेला खेळ झाला दोन महिन्यांनी, २३ जूनला, रॉचेस्टरची टीम पुन्हा गावात आली तेव्हा. योगायोग असा की त्या वेळी मेजर लीगचे खेळाडू संपावर होते. मोठे सामने बंद. म्हणून देशभरातले पत्रकार, टीव्हीवाले सगळे या छोट्या गावात येऊन दाखल. पाच हजार सातशेहून जास्त प्रेक्षक, स्टेडियम तुडुंब. आणि किती वेळ चालला खेळ? अठरा मिनिटं! तेहेतिसाव्या इनिंगमध्ये पटकेटच्या डेव्ह कोझानं चेंडू डावीकडे मारला, मार्टी बॅरेट पळत आला, तीन-दोन. सामना संपला. एकूण ८ तास २५ मिनिटं. पराभव ज्याच्या नावावर लागला तो पिचर स्टीव्ह ग्रिली एप्रिलमध्ये रॉचेस्टरच्या टीममध्येसुद्धा नव्हता. बत्तीस इनिंग दुसऱ्यांनी खेळायच्या आणि पराभव याच्या नावावर. नोकरीत नव्यानं लागलेल्या माणसाचं असं होतं कधी कधी.

हा विक्रम बहुधा मोडणारही नाही. २०१८ पासून मायनर लीगमध्ये जादा इनिंग सुरू होताना दुसऱ्या बेसवर एक धावपटू आधीच उभा करतात, म्हणजे लवकर रन निघावा आणि सगळे घरी जावेत.

आता त्या मैदानावर कोण कोण होतं ते ऐका. पटकेटकडून तिसऱ्या बेसवर वेड बॉग्ज. रॉचेस्टरकडून तिसऱ्या बेसवर कॅल रिप्किन ज्युनियर. दोघंही पुढे महान खेळाडू झाले, दोघंही हॉल ऑफ फेममध्ये गेले, बॉग्ज २००५ मध्ये आणि रिप्किन २००७ मध्ये. त्या रात्री थंडीत कुडकुडणारे आणखी काही जण १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळले.

आणि डेव्ह कोझा? ज्यानं विजयी फटका मारला तो? वायोमिंग राज्यातल्या एका लहान गावातून आलेला. त्या सामन्यात त्यानं चौदापैकी पाच वेळा यशस्वी फटका मारला, बॉग्जपेक्षाही एक जास्त. पटकेटमध्ये तो वर्षानुवर्षं खेळला. मेजर लीग एक पायरी वर होती. एकच पायरी. त्याला वरून फोन कधीच आला नाही. मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही.

मला वाटतं आपल्यापैकी बऱ्याच जणांना ही पायरी माहितीये. मेन्स निघते आणि इंटरव्ह्यूला नाव राहतं. जिल्ह्याच्या टीममध्ये असतो आणि राज्याच्या यादीत नसतो. मी स्वतः एका ठिकाणी तीन वर्षं 'पुढच्या यादीत नक्की' हे ऐकत बसले होते. त्या काळातलं मला आता काय आठवतं, तर यादी नाही आठवत. तिथला चहा आठवतो, आणि रोज शेजारी बसणारी मैत्रीण. असो, माझं जाऊ द्या.

या पायरीवरच्या लोकांना पगार किती मिळतो, तेही सांगते. मायनर लीगच्या खेळाडूंना स्वतःची संघटना मिळाली २०२२ मध्ये. २०२३ मध्ये पहिला करार झाला तेव्हा ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलर झाला. म्हणजे दुप्पट होऊनही अमेरिकेच्या मानानं बेताचाच. मेजर लीगचे आकडे शोधून बघा, मी सांगत नाही, झोप उडेल.

बरं, आता मला या स्टेडियममधली सगळ्यात आवडलेली गोष्ट. मॅकॉय स्टेडियमची बांधणी जरा विचित्र होती. खेळाडू बसायचे ती जागा प्रेक्षकांच्या खुर्च्यांच्या बरोबर खाली, आत दडलेली. म्हणजे पहिल्या रांगेतल्या पोराला खेळाडू दिसणार नाही, हात पोचणार नाही. सही घ्यायची कशी? तर पोरांनी शोध लावला. दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन घ्यायचा, त्याला खिडकीसारखं कापायचं, आत चेंडू आणि पेन ठेवायचं, दोरी बांधायची आणि वरून खाली सोडायचं. खालून एक हात येतो, चेंडू घेतो, सही करतो, परत ठेवतो. दोरीला झटका बसला की वर ओढायचं. मासेमारी! तिथे या प्रकाराला खरंच मासेमारीच म्हणायचे. जाळ्यात कोण सापडेल सांगता येत नाही. आज सही करणारा पोरगा तीन वर्षांनी टीव्हीवर दिसेल, किंवा कधीच दिसणार नाही. रॉजर क्लेमेन्स इथून गेला, नोमार गार्सियापारा इथून गेला, डस्टिन पेड्रोया, मूकी बेट्स इथून गेले. जे गेले त्यांची मोठी मोठी चित्रं स्टेडियमच्या चढत्या वाटांवर लावलेली होती. गावानं रोपं दिली, पण फोटो ठेवून घेतले.

माँडरच्या काळात ते ७० हजार कुठे पोचले माहितीये? २००५ च्या सीझनमध्ये सुमारे ६ लाख ८८ हजार. स्टेडियम १९९९ मध्ये वाढवलं, दहा हजार लोक बसतील एवढं केलं. बेन माँडर २०१० मध्ये वारला, वय ८५. टीमनं २०१२ आणि २०१४ ला पुन्हा चषक जिंकला.

आणि २०१५ च्या सुरुवातीला माँडरच्या पत्नीनं टीम विकली.

घेणाऱ्यांमध्ये लॅरी लुकिनो होते. बोस्टन रेड सॉक्सचे प्रमुख राहिलेले, स्टेडियम उभारण्याच्या कामातले मोठे नाव. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मॅकॉय जुनं झालंय, नवं स्टेडियम पाहिजे. आधी ते म्हणाले, शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरात, नदीकाठी बांधू, आणि सरकारनं तीस वर्षं पैसे द्यावेत. लोक भडकले. खासगी टीमसाठी आमच्या कराचे पैसे का? तो बेत बारगळला. मग पटकेटमध्येच नवं बांधायचं ठरलं, ८ कोटी ३० लाख डॉलरचा आराखडा. टीमनं ४ कोटी ५० लाख द्यायचे, राज्यानं २ कोटी ३० लाख, शहरानं दीड कोटी. राज्याच्या विधिमंडळात वर्षभर घोळ. एका सभागृहानं मंजूर केलं, दुसऱ्यानं अटी बदलल्या. जून २०१८ मध्ये एकदाचा कायदा झाला.

आणि १७ ऑगस्ट २०१८ ला टीमनं जाहीर केलं, आम्ही मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला चाललो.

इथे मी थोडी अडचणीत येते. कारण चूक कुणाची, हे मला ठामपणे सांगता येत नाही. शाळांना पैसे कमी पडत असताना श्रीमंत मालकाच्या स्टेडियमला कराचा पैसा देऊ नका, असं म्हणणारे लोक चुकले का? मला नाही वाटत. मी तिथे असते तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं. मग टीम गेली तर रडायचा हक्क त्यांना नाही का? आहे, पूर्ण आहे. मला खटकतं ते वेगळंच. चाळीस वर्षं 'आपली टीम, आपली टीम' म्हणून जी लोकांना सांगितली, ती कागदावर कधीच त्यांची नव्हती. खेळाडू बोस्टनचे, टीम मालकाची. गावाचं होतं ते जुनं स्टेडियम आणि कर भरायची पाळी. माँडर होता तोवर हे कुणाला जाणवलं नाही, कारण तो निघून जाणाऱ्यातला नव्हता. पण एका भल्या माणसाच्या भलेपणावर उभी असलेली गोष्ट त्याच्यामागे किती टिकणार?

वूस्टर हेही जुनं कारखान्यांचं शहर. आणि ती ब्लॅकस्टोन नदी लक्षात आहे ना? ती उगम पावते वूस्टरला आणि वाहत येते पटकेटला. टीम त्याच नदीनं उलट दिशेला वर गेली. तिथे नवं पोलर पार्क बांधलं, त्याचा खर्च वाढत वाढत मायनर लीगमधल्या सगळ्यात महागड्या स्टेडियमांत त्याची गणना होऊ लागली. पैसा मोठ्या प्रमाणात वूस्टर शहरानं उभा केला. २०२१ पासून टीम तिथे खेळते. नाव वूस्टर रेड सॉक्स, लाडाचं नाव वूसॉक्स. तिथली पोरंही आता त्या टीमवर जीव टाकतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

पटकेटला निदान निरोपाचा सीझन मिळायला हवा होता. ठरलंही होतं तसं, २०२० चा सीझन मॅकॉयमधला शेवटचा. काय झालं असेल, तुम्ही ओळखलंच. कोरोना. मायनर लीगचा सगळा सीझनच रद्द. म्हणजे सप्टेंबर २०१९ मधला सामना हाच शेवटचा ठरला, आणि तो बघायला आलेल्यांना ते माहीतच नव्हतं.

मग त्या उन्हाळ्यात टीमनं एक केलं. मैदानाच्या हिरवळीवर लांब लांब अंतरानं टेबलं मांडली आणि लोकांना जेवायला बोलावलं. जिथे फक्त खेळाडू उभे राहायचे, तिथे कुटुंबं येऊन बसली. आजी-आजोबा, नातवंडं. मैदान तेच, दिवे तेच, सामना नाही. मी ते फोटो पाहिले. मला वाटलं होतं लोक उदास दिसतील. पण लोक जेवतायत. पोरं गवतावर पळतायत.

स्टेडियम पुढे काही वर्षं रिकामं पडून होतं. २०२२ मध्ये पटकेटच्या मतदारांनी तिथे शहरातल्या हायस्कूलना एकत्र आणणारी नवी मोठी शाळा बांधण्यासाठी कर्जरोख्यांना मंजुरी दिली. म्हणजे या वेळी कराचा पैसा शाळेला. २०२५ मध्ये मॅकॉयचं पाडकाम झालं. तीच जागा, पूर्वीची दलदल. डेव्ह कोझानं तो चेंडू जिथे मारला, तिथे आसपास कुठेतरी आता वर्ग भरतील.

चला, बराच वेळ घेतला आज. तुमच्या गावात अशी एखादी टीम होती का, तालमीची, गिरणीची, बँकेची, कारखान्याची, जी आता नाही? तिच्या सामन्याला तुम्ही किंवा घरातलं कुणी जात होतं का? व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाची चालेल. जमलं तर आजोबांनाच बोलायला लावा. पुढच्या गुरुवारी भेटू. काळजी घ्या, आणि उशीर झाला असेल तर झोपा आता.